क्लाउडवरचे स्विच वापरून आठ महिने झाले, त्याचा हिशेब

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा कारखाना आहे, तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. तीन इमारती, १४ स्विच (केबलने यंत्रं एकमेकांना जोडणारे डबे), ३८ ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे). पावसाळ्याच्या तोंडावर सगळं नवं बसवलं, ब्राउझर आणि मोबाइल ॲपवरून चालणारं. बजेट आटलं म्हणून मधला कोअर स्विच, ज्याला बाकीचे सगळे जोडलेले असतात, तेवढा जुना राहिला. ब्रँडचं नाव लिहीत नाही.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. खोक्यावरचा क्यूआर स्कॅन केला की ॲक्सेस पॉइंट पाच मिनिटांत कामाला लागतो. फर्मवेअर अपडेटपायी पूर्वी माझे रविवार जायचे, आता रात्री दोनची वेळ लावून झोपतो. खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता मी स्विचच्या एका पोर्टचा (केबल खोचायच्या जागेचा) व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा गट, बदलला आहे. (त्या नादात कोथिंबीर विसरलो, घरी बोलणी खाल्ली.) लायसन्सचे पैसे मात्र दरवर्षी, दर डब्याला मोजावे लागतात. खरेदी करताना हे नीट विचारून घ्या.

आता सप्टेंबरमधली गोष्ट. पॅकिंग हॉलमधला बारकोड प्रिंटर चालू केल्यावर नेटवर्कवर यायला अर्धा मिनिट घ्यायचा. माझ्या हाताखालचा मुलगा हुशार, डिप्लोमा झालेला. त्याने डॅशबोर्डवर त्या पोर्टचं एसटीपीचं (स्पॅनिंग ट्रीचं) बटण बंद केलं. प्रिंटर लगेच येऊ लागला, सगळे खूश. वास्तविक ती ३० सेकंदं स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा गोल फेरा झाला तर तो तोडणारा राखणदार, घेत होता: १५ ऐकायला, १५ शिकायला. त्यावर उपाय म्हणजे पोर्टला एज पोर्ट करणं: ‘इथे शेवटचं यंत्र आहे, थांबू नको’ असं सांगायचं, राखण चालूच राहते. पण ॲपमध्ये दोन्ही बटणं सारखीच दिसतात, आणि एकाच्या मागे संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमनचा १९८५ चा अल्गोरिदम उभा आहे हे बटण सांगत नाही.

दोन आठवड्यांनी, त्याच पोर्टला नंतर जोडलेल्या आठ पोर्टच्या साध्या स्विचमध्ये कुणीतरी लोंबणारं केबलचं टोक भल्या मनाने खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. आयपी पॅकेटला टीटीएल (आयुष्याची मर्यादा) असतो, ते फिरून फिरून मरतं. स्विच पुढे पाठवतात त्या इथरनेट फ्रेमला तो नसतो, ती फिरतच राहते. दहा मिनिटांत तिन्ही इमारती ठप्प. आणि डॅशबोर्ड? तो इंटरनेटच्या पलीकडे. सगळे डबे लाल, ‘ऑफलाइन’, बस. मुलगा पान रिफ्रेश करत बसला.

मी खणातली निळी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) काढली, कोअरला लावली, पुटी हा आदेश टाइप करायचा प्रोग्राम उघडला, वेग ९६००. शो मॅक ॲड्रेस-टेबल (कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर ते दाखवणारा आदेश) दोन-तीनदा मारलं, तर यंत्रांचे तेच पत्ते कधी त्यांच्या पोर्टवर, कधी १७ नंबरच्या पोर्टवर उड्या मारताना दिसले. १७ शटडाउन केला, आणि पॅकिंग हॉल सोडून बाकी कारखाना श्वास घेऊ लागला. शेवटची केबल शोधायला मात्र पायीच जावं लागलं.

शेठना हे सगळं सांगितलं. त्यांच्या लक्षात राहिलं ते ॲप. “आ तो मारो छोकरोय करी ले,” (हे तर माझा पोरगाही करेल) म्हणाले. आमच्यातला एक जण नोकरी सोडून गेला, त्याची जागा अजून भरलेली नाही. मागितली की डॅशबोर्डकडे बोट दाखवतात.

माझ्या हाताखालच्या त्या मुलाचं मला जास्त वाईट वाटतं. दिवाळीनंतर तो अहमदाबादला मुलाखतीला गेला. तिथे काळ्या स्क्रीनवर, आदेश टाइप करून, एक ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारा) करून दाखवायला सांगितला. त्याला व्हीलॅन कळतो, टॅगिंग (फ्रेमवर व्हीलॅनची खूण लावणं) कळतं, पण हात चालेना. परत आल्यावर म्हणाला, “काका, तिथे मेन्यूच नव्हता.” चूक माझीही आहे. काम पटापट होत होतं, म्हणून मी त्याला काही शिकवलंच नाही.

पुन्हा घेणार का? हो, पण खणात केबल आणि कोअर असाच कन्सोलवाला ठेवून.

आता दर शनिवारी जेवणानंतर भंगारातला एक जुना स्विच टेबलावर घेऊन आम्ही बसतो. परवा त्याने चार व्हीलॅन आणि ट्रंक बिनचूक केला, चहा आणायला जाताना प्लग काढला. परत येऊन चालू केला तर सगळं कोरं. राइट मेमरी (सेटिंग साठवायचा आदेश) मारायचं राहिलं होतं. डॅशबोर्डवर ते आपोआप होतं ना! चहा निवेपर्यंत तो स्क्रीनकडे बघत होता, मग गुपचूप पहिल्या ओळीपासून टाइप करायला लागला.