पहिली फौज कोणती: रोमन की सासानी?

रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळात इसवी सन ५३० ची दारा या रोमन किल्ल्याजवळची, रोमन विरुद्ध सासानी (इराणी) लढाई पटावर मांडायची, तर रंगकामात सासानी सरस. चिलखती घोडेस्वारांना काळा हात द्यायचा, वरून कोरड्या ब्रशने रुपेरी रंग फिरवायचा. खवले आपोआप उठून दिसतात. रोमन ढालींची नक्षी मात्र डोळे फोडते. (नमुने ‘नोटिशिया डिग्निटाटम’ या रोमन पदांच्या व पलटणींच्या यादीतले, लढाईच्या शतकभर आधीचे. चालवून घ्यायचे.)

खेळायला मात्र रोमनच. रोमन सेनापती बेलिसारियसचे खंदक पायदळ सांभाळतात, हूण घोडेस्वार बाजू राखतात, टेकडीआडचे हेरुल (रोमनांच्या बाजूचे जर्मानिक घोडेस्वार) ऐनवेळी पाठीवर येतात. सासानींची सगळी मदार घोडदळावर. ते अडलं की मागचं कच्चं पायदळ ढाली टाकून पळतं. नवख्याने रोमन घ्यावेत, डोळ्यांना त्रास झाला तरी.