लेप्टोची खबर: व्हॉट्सॲप ग्रुप की आशाताई?

भातलावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) मेसेज फिरू लागतात. वेगात ग्रुपला तोड नाही. मुंबईच्या चाकरमान्यापासून वाडीतल्या काकीपर्यंत खबर मिनिटांत पोचते. पण त्याच वाटेने 'काढा घ्या, ताप उतरेल' हेही पोचतं, आणि लेप्टोत उपचाराविना गेलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. त्याने वेग मंदावतो, चुकीची माहिती दुरुस्त होत नाही.

आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, घरोघर चालत येते, म्हणून उशीर होतो. पण ती पायाच्या भेगा बघते. उंदराच्या, गुरांच्या मुतातले जंतू चिखलातून तिथूनच शिरतात. लेप्टोसाठीची डॉक्सीसायक्लिन गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, गरोदर बाईला सहसा नाही, हे फॉरवर्डमध्ये हमखास गळतं. शिवाय "गोळी घेतलंस काय गे काकी?" असं दारात उभं राहून विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. लेप्टोसाठी माझा कौल तिलाच.

दोडामार्गाकडच्या, गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापात मात्र ग्रुप सरस. मेलेलं माकड कुठे दिसलं, हा फोटो आरोग्य केंद्रापर्यंत लगेच गेला, तर काजूच्या बागेत जाणाऱ्यांना गोचिडींपासून वेळेत सावध करता येतं.