नोटारने वाचून दाखवलं म्हणजे सुटलो, असं समजू नका

३४,९६० युरो. बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगची आणि छताची दुरुस्ती एकूण ९,२०,००० युरोंची, त्यात आमचा हिस्सा हजारी ३८. फ्लॅट आमच्या नावावर चढला आणि लगेच व्यवस्थापकाचं पत्र आलं: १७,४८० एप्रिलमध्ये भरा, उरलेले १७,४८० सप्टेंबरअखेर. ठराव झाला होता मे २०२४ मध्ये. आम्ही ते घर पहिल्यांदा पाहिलं त्याच्या कितीतरी आधी!

जर्मनीत फ्लॅट शोधणाऱ्यांना झोंडरउमलागे काय असतं ते सांगायला नको. पुण्यात सोसायटी लिफ्टसाठी जादा वर्गणी मागते तसंच, फक्त आकडा झोप उडवणारा. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आम्हालाही नव्हती. ठराव कोणाच्या काळात झाला याला सोसायटीच्या लेखी किंमत नाही. हप्ता ज्या दिवशी देय होतो त्या दिवशी ग्रुंडबुखात, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदवहीत, ज्याचं नाव, त्याने भरायचा. विकणाऱ्याने म्हणूनच घाई केली होती, हे आता कळतंय.

घर श्टुटगार्टजवळचं, १९७४ ची इमारत, साडेतीन खोल्या, किंमत ३,८५,०००. वरचा खर्च वेगळाच: पाच टक्के खरेदी कर १९,२५०, दलालाचे ३.५७ टक्के म्हणजे १३,७४४.५०, नोटार (खरेदीचा दस्त करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) आणि नोंदणी ७,०८६. ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या मुदतबंद परवान्यावर, असल्याने बँकेने वीस टक्के आणि हा सगळा वरचा खर्च स्वतःच्या खिशातून मागितला. म्हणून नाशिकचा फ्लॅट विकला, पैसे परदेशी पाठवण्यासाठी सीएकडून १५सीबी हा दाखला घेतला, १५सीए हा फॉर्म भरला, तिथला कर भरला आणि पैसे इकडे आणले. कोणी म्हणेल एवढी कागदपत्रं करणाऱ्या बाईला सभेचा एक प्रोटोकॉल, म्हणजे इतिवृत्त, वाचता आला नाही? वाचता आला असता. दिला असता तर.

दलाल जर्मन, पण आमच्यापर्यंत तो आला एका मराठी मुलाच्या मार्फत. आयटीत नोकरी, जोडीला हे. ‘वहिनी, तुम्ही फक्त घर पसंत करा, बाकी मी बघतो.’ गणपतीत आरतीला शेजारी उभा असलेला मुलगा, त्याच्यावर संशय कोण घेणार? गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल दलाल त्याला १,००० युरो देणार होता, हे व्यवहार संपल्यावर कळलं. ओळखीचं कोणी ‘मदत’ करत असेल तर पहिल्याच दिवशी तोंडावर विचारा, तुला यातून किती मिळतात. लाज वाटली तरी विचारा.

आता ती जागा, जिथे माझं डोकं ठिकाणावर असायला हवं होतं. दलालाच्या फोल्डरमध्ये मालकांच्या सभेचे प्रोटोकॉल होते २०२१, २०२२, २०२३ चे. २०२४ चा नव्हता. मी विचारलं. विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण नवऱ्याचे मित्र आता मला शहाणपण शिकवतात. मुलाने दलालाला फोन लावून उत्तर आणलं: ‘वहिनी, तो अजून टाइप व्हायचाय, इथे सगळं सावकाशच चालतं.’ ऑक्टोबर महिना होता. ज्या देशात इंटरनेटची जोडणी मिळायला आठवडे लागतात तिथे मला ते पटलं! आणि त्याच फोल्डरमध्ये नवा वार्षिक खर्चाचा आराखडा होता, महिन्याचं हाउसगेल्ड, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, ४१२ युरो, आणि खाली एका ओळीत छापलेलं, मे २०२४ च्या सभेत मंजूर. म्हणजे सभेतला सोयीचा कागद पाच महिन्यांपूर्वीच तयार होता, गैरसोयीचा तेवढा टाइप व्हायचा होता. ती ओळ मी पाहिली होती. ४१२ च्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती. हाउसगेल्ड परवडेल का, याचा हिशोब करत होते.

शेवटच्या सभेचा प्रोटोकॉल नाही, तर नोटारची तारीख नाही. एवढं एक पाळा. आणि बेश्लुससामलुंग मागा, म्हणजे ठरावांची वही. ती ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ठराव झाला की लगेच नोंद व्हावी लागते, तिथे टाइप व्हायचंय ही सबब चालत नाही. व्यवस्थापक तुम्हाला दाखवणार नाही, तुम्ही मालक नसता. विक्रेत्याकडून अधिकारपत्र घ्या. तो द्यायला कां-कू करू लागला तर उत्तर मिळालंच.

नोटारकडचा प्रकार तर आणखी वाईट. पहिल्या मसुद्यात वाक्य होतं की मंजूर झालेल्या पण अजून देय नसलेल्या कुठल्याही झोंडरउमलागेची विक्रेत्याला माहिती नाही. सहीच्या दोन दिवस आधी ‘किरकोळ दुरुस्त्या’ म्हणून नवा मसुदा आला, कुठे काय बदललं याची खूण नाही. ते वाक्य गायब, आणि ताबा दिल्यानंतर देय होणाऱ्या सर्व वर्गण्या खरेदीदाराच्या, असं नवं वाक्य. नोटारने ते मोठ्याने वाचलं, ४५० युरो घेणाऱ्या दुभाष्याने त्याच वेगाने इंग्रजीत ओतलं. मी थांबवून विचारलं, सध्या असं काही आहे का? विक्रेत्याने नाही म्हणून मान हलवली. मान हलवल्याची नोंद दस्तात होत नाही. दोन मसुदे शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा, आणि करारापूर्वी झालेल्या ठरावांचे पैसे विक्रेत्याचे, हे वाक्य घातल्याशिवाय सही करू नका.

नंतर दारोदार फिरलो. नोटार म्हणाला, मी तटस्थ आहे, दस्त वाचून दाखवणं माझं काम. व्यवस्थापकाने खरेदीआधी डेटा संरक्षणाचं कारण सांगून तोंड उघडलं नव्हतं, आता मालक झाल्यावर बिल मात्र वेळेवर. कायदेशीर खर्चाचा विमा आहे, दर महिन्याला पैसे कापतात, त्यांनी कळवलं की वादाचं मूळ प्रतीक्षाकाळातलं, म्हणून दावा नामंजूर. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्याने करार उलटून पाहिला आणि विचारलं, सही तुमचीच ना? काही महिन्यांनी छापील पत्र: तपास बंद, दिवाणी न्यायालयात जा. ना विक्रेत्याला बोलावलं, ना दलालाला. नगरपालिकेत विचारलं तर आमचा विषय नाही. ग्राहक सल्ला केंद्रात तारीख मिळाली ती सहा आठवड्यांनंतरची, फी भरून. उशिरा कचरा बाहेर ठेवला तर चिठ्ठी चिकटवणारं हे गाव, पस्तीस हजारांसाठी सगळ्यांनी काखा वर केल्या. भाषा तुटकी असली की समोरचा तुम्हाला कमी अकलेचं धरतो, हेही लिहून ठेवते.

वकिलाच्या पहिल्या भेटीचे २२६.१० युरो गेले, पण कामाचं तिनेच सांगितलं. कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर २०२३ चा निकाल आहे. सहीच्या जेमतेम तीन दिवस आधी सभेचा प्रोटोकॉल ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकून ठेवला, एवढ्याने विक्रेत्याची माहिती देण्याची जबाबदारी आपोआप संपत नाही. आमच्याकडे तर टाकलाच नव्हता. पण विक्रेता म्हणतो, मी सभेला नव्हतो, मताचा अधिकार व्यवस्थापकाला दिला होता, प्रोटोकॉल वाचलाच नाही. त्याने जाणूनबुजून लपवलं हे सिद्ध करायचं आम्ही. रक्कम मोठी म्हणून दावा लांडगेरिख्टात, म्हणजे वरच्या दिवाणी न्यायालयात, तिथे वकिलाशिवाय उभंच राहता येत नाही. कोर्टाची फी आधी आम्ही भरायची.

परत आले ते फक्त ३,००० युरो. घर ‘राखून ठेवण्यासाठी’ दलालाने घेतलेले, दलालीत वळते करतो म्हणाला आणि केले नाहीत. दलालाच्या छापील अटींवर घेतलेली अशी फी बेकायदा, असा निकाल २०२३ च्या एप्रिलमध्येच लागलाय. पत्रात त्या निकालाची तारीख टाकल्याबरोबर आठवड्यात पैसे खात्यात. म्हणजे त्यालाही ठाऊकच होतं. तुम्ही भरली असेल तर आजच मागा.

दावा लावतोय. सप्टेंबरचा हप्ता तोवर भरावा लागेलच, नाहीतर सोसायटी आमच्यावर दावा लावेल. त्या भागात अजून कोणाला ‘प्रोटोकॉल टाइप व्हायचाय’ असं उत्तर व्हॉट्सॲपवर मिळालं असेल तर तो मेसेज पुसू नका. आमचं सगळं फोनवर झालं.