सातारच्या मावशींकडे शिवलेलं १९१० च्या पद्धतीचं उन्हाळी पोलकं (आणि भाचीचा मडमिणीचा ड्रेस)

आधीच सांगते, नाव नि नंबर मागू नका. मावशींनीच बजावलंय की कुठे टाकू नकोस, आहे तेच शिवण उरकेना मला. मंगळवार तळ्याच्या बाजूला जाऊन हाताने काजं करणाऱ्या मावशी कुठे राहतात असं विचारा, कुणीही घर दाखवेल. बोर्ड नाही, शोकेस नाही, पुढच्या खोलीत एक काळं पायमशीन, कपाटभर पेपर कटिंगच्या (कापड कापायच्या मापांच्या कागदांच्या) गुंडाळ्या आणि ट्रायलला एक जुन्या साडीचा पडदा, बास. तिथे दोन कपडे शिवून घेतले, माझं पोलकं आणि भाचीचा पांढरा ड्रेस, दोन्ही साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे, आणि दोन्ही आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात घालून, घामेजून, धुवून मग हे लिहितेय.

निमित्त असं की यंदा कॉलनीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला थीम ठेवली होती, १९१० सालचा उन्हाळा. आता बहुतेक जणींनी काय केलं तर शिवलेली नऊवारी चढवली आणि वर नेहमीचं ब्रोकेडचं पॅडेड ब्लाऊज, पाठीला नाडी नि लटकन, झालं १९१०! मला ते काही पटेना. जुने फोटो काढून बघा ना, बंद गळा, गळ्याला आणि बाहीला बारीक लेस, बाही कोपराच्या खाली, पुढे बटणं, आणि चक्क सैल. म्हणजे पुढे गाठ मारायच्या चोळीवरून बायका हळूहळू इंग्रजी ब्लाऊजच्या वळणाच्या पोलक्यावर आल्या तो हा काळ. आणि याला साताऱ्याचा एक धागा आहे जो इथल्याच लोकांना माहीत नसतो. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ टागोर, आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी नोकरीत गेलेले पहिले भारतीय, ते आपल्याकडे साताऱ्यात जज्ज होते आणि १८९७ ला इथूनच रिटायर झाले. त्यांची बायको ज्ञानदानंदिनी देवी, तिने मुंबई इलाख्यात असताना पारशी बायकांचं बघून साडी, आत ब्लाऊज, परकर आणि पदर डाव्या खांद्यावर अशी पद्धत बसवली आणि ती बंगालात नेली. मी हे मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "जज्जाची बायको ना, तिला शिवून कोण देत होतं ते सांग की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो, रेट. पोलक्याची शिलाई ९०० आणि ड्रेसची ३२००, कापड, लेस, बटणं आपली. साधं कॉटनचं ब्लाऊज साताऱ्यात तीन-चारशेत शिवून मिळतं त्यामुळे ऐकल्यावर पहिल्यांदा भुवया वर जातात, पण काय मिळतं ते वाचा मग ठरवा.

मलमल मी खण आळीतून घेतलं. कापड न भिजवता नेलं तर मावशी हातसुद्धा लावत नाहीत. रात्रभर साध्या पाण्यात, सावलीत वाळवायचं, ओलसर असतानाच इस्त्री, मग घेऊन यायचं. हा नियम त्या काळच्या शिवणाच्या धड्यांतलाच, कारण सुती कापड आटायचं ते कापायच्या आधीच आटू दे, नंतर नको. कात्री लावायच्या आधी त्या कडेचा एक धागा ओढून काढतात, कापडावर बारीक रेघ पडते आणि त्या रेघेवर कापतात, खडू-पट्टी नंतर. उभा धागा एकदा सापडला की बाही पिळवटत नाही म्हणे, आणि खरंच, इतक्या धुण्यांनंतरही शिवण जागच्या जागी आहे.

आता खरी गंमत आतल्या बाजूला. पोलकं उलटं करून बघितलं तर इंटरलॉकचा, म्हणजे कडा सुटू नयेत म्हणून मशिनने घालतात तो, एक दोरा नाही. सगळीकडे फ्रेंच शिलाई, म्हणजे आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला एक शिलाई मारायची, शिलाईबाहेर उरलेलं कापड, म्हणजे माया, कातरून बारीक करायची, कापड उलटवायचं आणि परत शिलाई, की कच्ची कड आत गाडली जाते. तेव्हाच्या घरगुती मशिनी एकच सरळ टाका घालायच्या, झिगझॅग-ओव्हरलॉक काही नाही, त्यामुळे पातळ कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून हाच उपाय होता. आणि ज्यांना घामोळं येतं त्यांनाच कळेल हा फरक काय आहे तो! काखेत तो नायलॉनचा दोरा घासून घासून जे लाल होतं ते यंदा झालंच नाही. शिवाय दोन्ही कडेच्या शिवणीत बोटभर जादा माया दुमडून ठेवलीय, दोन वर्षांनी अंगाने सुटले तर उसवून सैल करता येईल. आजकालचे टेलर माया ठेवतात ती किती, पाव इंच, आणि वर आपल्यालाच म्हणतात मॅडम वजन वाढलं वाटतं.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, मोकळा आहे, आधी आरशात बघून वाटलं ढगळ झालं की काय, पण दुपारी दोनला हात वर करून पन्ह्याची घागर उतरवली तेव्हा कळलं की पोट उघडं पडत नाही नि काखेत काचत पण नाही. अस्तर नाही. त्याऐवजी काखेत आतून चंद्रकोरीसारखी मलमलीची दुहेरी गादी धावदोऱ्याने टाचलीय, ती रोज सोडवून धुवायची आणि परत टाचायची. इंग्रज बायकांच्या कपड्यात ही घामाची गादी सर्रास असायची, तिकडे तर आत रबर घातलेली मिळायची, कारण वरचा भारी कपडा रोज धुता यायचा नाही. मी रबर-बिबर नको म्हटलं. रोज टाचायचा कंटाळा येतो हे खरं पण अख्खं पोलकं पिवळं पडण्यापेक्षा बरं.

पुढच्या भागावर टक्स आहेत, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या चुण्या, अगदी बारीक, आणि इथे ज्यांना घरी शिवायचंय त्यांच्यासाठी मावशींचा हिशोब देऊन ठेवते. एक टक जेवढी रुंद त्याच्या दुप्पट कापड खाते. एक अष्टमांश इंचाची टक असेल तर पाव इंच गेलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून २४ टका घातल्या तर सहा इंच कापड नुसतं टकांत. म्हणून आधी अख्ख्या तुकड्यावर टका घालून इस्त्री करायची आणि मग त्याच्यावर पेपर कटिंग ठेवून पुढचा भाग कापायचा. उलटं केलं तर छातीवर बसत नाही.

भाचीच्या ड्रेसची गोष्ट वेगळी. तिला व्हायचं होतं महाबळेश्वरला उन्हाळ्यात आलेली मडम. आयडिया चांगलीच होती, मुंबई इलाख्याचं सरकारच उन्हाळ्यात महाबळेश्वरला असायचं, त्यामुळे त्यांच्या सगळ्या फॅशनी आपल्याच जिल्ह्यातनं हिंडत होत्या म्हणा ना. तर उन्हाळ्यात त्यांचा ठरलेला ड्रेस म्हणजे पांढरा, पातळ लॉन किंवा तसल्याच सुती कापडाचा, टका आणि लेसच्या पट्ट्या भरभरून. त्याला लाँजरी ड्रेस म्हणायचे, कारण कापड नि लेस आतल्या कपड्यांसारखी. दिसायला नाजूक पण बादलीत बुडवून धुता येतो, निळीत घालता येतो, खळ देता येते, म्हणून उन्हाळ्याला तोच. भाचीने पहिला फोटो दाखवला तो १९१० च्या हॉबल स्कर्टचा, म्हणजे घोट्याशी इतका अरुंद की पावलाला पाऊल लावत चालायचं. मावशी फोटो लांब धरून म्हणाल्या, "अगं, हिला जिना कसा चढायचा?" तो विषय तिथेच संपला.

मग गळ्यावरनं वाद. १९१० म्हटलं की कॉलर हनुवटीपर्यंत उभी, आत काड्या घालून ताठ केलेली, आणि पोरीला ते नको. म्हणून साल तीन वर्षं पुढे ढकललं. १९१३ च्या आसपास व्ही गळा आला आणि तिकडे केवढा गहजब, उघड्या गळ्याने थंडी वाजून छाती भरेल म्हणून त्याला न्यूमोनिया ब्लाऊज असं नावच पडलं. वास्तविक तो गळा आजच्या साध्या कुर्त्यापेक्षा वर असतो! कंबर आवळायची कॉर्सेट कुणी घातली नाही, स्पष्ट सांगते, आणि त्याची गरजही पडली नाही, कारण तोवर कंबरेची रेघ वर सरकलेली होती, छातीच्या जरा खाली रिबिनीचा पट्टा घेतला की आकार आपोआप येतो. या बायका उन्हाळ्यात कॉर्सेट, दोन-तीन परकर, वर हॅट, एवढं घालून कशा हिंडत असतील देव जाणे. साहेब लोक तर कॉलरा होऊ नये म्हणून पोटाला फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळायचे, भर उन्हाळ्यात.

लेसवरनं ऐनवेळी घोळ झाला. भाचीने ऑनलाइन मागवलेली लेस शंभर टक्के कॉटन म्हणून आली होती, मावशींनी टोकाचा एक धागा काढून काडी लावली तर वितळून टणक गोळा झाला. सुती असती तर जळक्या कागदाचा वास येऊन राख झाली असती. ती लेस गरम इस्त्रीखाली आखडली असती, कपड्यासकट. नवीन शोधायला अख्खा मोती चौक पालथा घातला. पण मग ती जी बसवलीय ना! लेसची पट्टी कापडावर ठेवून दोन्ही कडांनी शिलाई, मग उलट बाजूने मधलं कापड मधोमध कातरायचं, दोन्हीकडे दुमडून परत टाचायचं, म्हणजे लेसच्या मागे काही राहत नाही आणि तिथून वारा खेळतो. फॅन नव्हते तेव्हाचं डोकं आहे हे. आजच्या रेडीमेड फ्रॉकवर लेस नुसती वरून चिकटवलेली असते, मागे पॉलिस्टरचं अस्तर, मग लेस कशाला हवी?

मावशी नमुना बघून शिवतात, पुस्तकातलं माप नाही. पूर्वी साहेबांच्या बंगल्याच्या वरांड्यात शिंपी बसवायचे, विलायतेहून आलेला एक ड्रेस पुढ्यात टाकायचा आणि तो हुबेहूब दुसरा उतरवायचा, तीच विद्या. खरं तर तेव्हा तयार मापांचे कागद तिकडे घरोघर होते, अमेरिकेतली बटरिक कंपनी १८६३ पासून विकत होती, पण बरेचदा त्या कागदावर रेघ नाही की अक्षर नाही, नुसती भोकं पाडलेली, कुठलं भोक म्हणजे टक नि कुठलं म्हणजे उभा धागा ते आपण ओळखायचं. मावशींच्या कागदावर पण कुणाचं नाव नसतं, खुणेला कोपरा कातरलेला, त्यांचं त्यांना कळतं.

आता तक्रारी, कारण आहेत. तारीख पाळत नाहीत. पाडव्याला देते म्हणाल्या आणि हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री मी समोर बसून, त्या काजं करतायत, असं मिळालं. फोन उचलत नाहीत. फक्त रोख. मापाचं ब्लाऊज दिलेलं चालत नाही, अंगावरचंच माप घेणार, त्यामुळे स्वतः जावं लागतं आणि गेलं की तासभर तरी जातोच. पाठीवरचं डीप डिझाईन मागितलं तर भाषण ऐकावं लागेल. आणि ड्रेस पाठीमागून हुकांचा आहे, एकटीने घालताच येत नाही. त्याला मावशींचा इलाज नाही, बायकांच्या कपड्यात चेन यायला १९३० चं दशक उजाडलं, पण मी सांगून ठेवते, नाहीतर घरात कुणी नसेल तर हॉलमध्ये अडकून बसाल. पांढरं मलमल आरपार दिसतं, आत परकर हवाच. चुरगळतं पण लय, खळ दिली तर अर्धा दिवस टिकतं, नाही दिली तर रिक्षातनं उतरेपर्यंत.

पैशाचं म्हणाल तर, ज्या ब्लाऊजांवरून ही सगळी फॅशन पसरली ते शर्टवेस्ट न्यूयॉर्कच्या कारखान्यांत ढिगाने शिवले जायचे, आणि १९११ च्या मार्चमध्ये ट्रँगल नावाच्या तसल्याच एका कारखान्याला आग लागली, बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद, १४६ माणसं गेली, बहुतेक कोवळ्या पोरी. स्वस्त शिलाई कुणाच्या तरी जिवावर होते हे तेव्हापासून चालू आहे. मावशींच्या काजांना मोजून बघा, पोलक्याला नऊ, प्रत्येक हाताने, मागून पुढून सारखं. मी घासाघीस केली नाही.

पाचपैकी चार देते, एक तारखेचा कापला. लग्नासाठी, रिसेप्शनसाठी, फिटिंगच्या हौसेसाठी जाऊ नका, दोघींचाही वेळ फुकट. रोज ऑफिसला जाणाऱ्या, घामाने हैराण होणाऱ्या, सुती साडी किंवा लांब स्कर्टवर काहीतरी मोकळं हवं असणाऱ्या बायकांनी नक्की जा. मी आता कोपरापर्यंत बाहीची अजून दोन टाकलीत, लेस न लावता, त्याची शिलाई ६५० सांगितलीय. जाताना भिजवलेलं कापड, सुती दोरा आणि शिंपल्याची बटणं घेऊन जा, प्लास्टिकची त्या लावतात पण तोंड वाकडं करून. सकाळी अकराच्या आत गाठा, दुपारी त्या झोपतात आणि दार वाजवलेलं त्यांना आवडत नाही. पुढच्या उन्हाळ्याचं दिवाळीनंतर लगेच टाकलंत तरच वेळेत हातात पडेल.