बोन मॅरो मुंबईला पाठवणारं रत्नागिरीतलं सॅम्पल सेंटर: चार तारे

माझा भाचा साडेचार वर्षांचा, पावस गावचा. जुलैत त्याच्या पायांवर निळे डाग उठले, ताप उतरेना. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी ॲक्युट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कॅन्सर, सांगितला. बोन मॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, रत्नागिरीतच काढली. ती मुंबईच्या लॅबला पोचवली ती या सेंटरनं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

आधी चांगलं. काउंटरवरच्या ताईंनी दोन नळ्या नीट पाहून घेतल्या, हिरव्या टोपणाची हेपरिनची (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) आणि जांभळ्या टोपणाची. हिरव्या नळीतल्या पेशी जिवंत पोचाव्या लागतात. त्या लॅबमध्ये वाढवतात आणि मगच गुणसूत्रांचे फोटो निघतात. मी बर्फ आणायला धावलो तर म्हणाल्या, "नको भाऊ, गोठल्या तर मरतील." पाऊस धो धो कोसळत होता, रस्त्याचा भरवसा नव्हता. त्यांनी रात्रीच्या कोकणकन्येनं माणूसच पाठवला. हे मी विसरणार नाही.

आता तक्रार. बारा दिवसांनी रिपोर्ट आला: ४६ गुणसूत्रं, दोष नाही. पाकीट देणारा मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहे, काळजी सोडा." माझ्या बहिणीनं तिथेच देवाला हात जोडले. संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं की या तपासणीत फक्त मोठी मोडतोड दिसते, डीएनएच्या साधारण ५० लाख ते १ कोटी अक्षरांएवढी. लहान मुलांच्या बी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ल्युकेमियात १२ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे पुष्कळदा अदलाबदल होतात, पण ते तुकडे दिसायला इतके सारखे की सूक्ष्मदर्शकातून फरक कळतच नाही. ईटीव्ही६ आणि रंक्स१ ही दोन जनुकं मात्र एकमेकांना चिकटलेली असतात. ते पाहायला फिश तपासणी लागते. तिच्यात चमकणारे रंग थेट त्या जनुकांवर जाऊन बसतात.

फिशची चौकट सेंटरच्या फॉर्मवर होती, मागच्या पानावर. आम्हाला ते पान कोणी उलटून दाखवलं नाही. मी फोनवर आवाज चढवला, त्याचं वाईट वाटतं, कारण ताईंनी त्याच तासात लॅबला विचारलं. पेशी राखून ठेवलेल्या होत्या, लेकराच्या कंबरेत पुन्हा सुई घालावी लागली नाही. तीन दिवसांत कळलं: जोडजनुक आहे, आणि दुसऱ्या १२ व्या गुणसूत्रावरचं चांगलं ईटीव्ही६ गळून गेलंय. हा प्रकार बी-पेशींचा ल्युकेमिया झालेल्या दर चारांतल्या साधारण एका मुलात सापडतो आणि उपचारांना सहसा चांगली साथ देतो, असं डॉक्टर म्हणाले. तरी पहिल्या महिन्याअखेर किती रोग उरतो, हे बघूनच पुढचं ठरतं.

पाचवा तारा त्या "नॉर्मल"साठी कापलाय. त्या मुलाला कोणीतरी बसवून शिकवा, कृपा करा.

सेंटर सकाळी आठला उघडतं. बोन मॅरो पाठवायची असेल तर आदल्या दिवशी फोन करा, हिरवी नळी काढून ठेवतात. आणि फॉर्म भरताना मागचं पान डॉक्टरांसमोर उघडा.