रीराइट बिघडलं तर शोधायला सोपं कुठे: अपाची की एन्जिनएक्स?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांची साइट नव्या सर्व्हरवर न्यायची आहे. अपाचीच ठेवू की एन्जिनएक्स घेऊ (दोन्ही साइटची पानं पाठवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर), असं त्यांच्या मुलानं विचारलं. वेगाचं राहू दे. जुन्या लिंक नव्या पानांकडे वळवणारा नियम, म्हणजे रीराइट, फसला, तर चूक कुठे लवकर हाती लागते, एवढंच मी पाहतो.

अपाचीत साइटच्या फोल्डरमधल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलीत नियम लिहिला की लगेच लागू. चकवाही तिथेच. इथे पत्त्याचा पहिला स्लॅश काढूनच तो नियमाशी ताडला जातो, म्हणून सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमधला (सेटिंगमधला) नियम जसाच्या तसा चिकटवला की तो मुकाट पडून राहतो, एरर नाही की काही नाही. 'एल' फ्लॅग ('इथेच थांब' सांगणारी खूण) लावला तरी पत्ता बदलल्यावर फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते. अशा १० फेऱ्या झाल्या की ५०० एरर (सर्व्हरची चूक). अपाचीच्या २.४ आवृत्तीत त्यावर 'एंड' फ्लॅग आहे, तो ही फेरतपासणी थांबवतो. आणि मराठी पत्ता असेल तर आणखी एक: 'हळद' ही तीन अक्षरं टक्क्यांच्या (%) कोडमध्ये, म्हणजे पत्त्यात मराठी अक्षरं जशी लिहिली जातात तशी, २७ चिन्हं होतात. नियमात असा कोड लिहून रीडायरेक्ट केलं, तर 'एनई' (कोडचा पुन्हा कोड करू नको, असं सांगणाऱ्या) फ्लॅगशिवाय प्रत्येक टक्क्याचा '%२५' होतो आणि ४०४ (पान सापडलं नाही) दिसतो.

पण अपाचीचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बोलका. 'लॉगलेव्हल' या सेटिंगला 'रीराइट:ट्रेस३' जोडा, कुठला नियम कशाशी ताडला ते ओळीओळीनं दिसतं. मात्र ही ओळ डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये चालत नाही. शेअर्ड होस्टिंगवर (एक सर्व्हर अनेकांत वाटलेला, मुख्य कॉन्फिग हाती नाही) म्हणजे अंधारात चाचपडणंच.

एन्जिनएक्समध्ये तशी फाइलच नाही. 'एन्जिनएक्स -टी' (मोठा टी) दिला की सगळं कॉन्फिग समोर. 'रीराइट_लॉग' चालू करून एरर लॉग 'नोटिस' पातळीवर आणावा लागतो. तिथे नियम जुळला की नाही ते कळतं, पण विनंती कुठल्या लोकेशनमध्ये (पत्त्यानुसार केलेल्या नियमांच्या गटात) शिरली ते नाही, आणि घोळ बहुतेकदा तिथेच असतो: रेजेक्सचं (पत्ता नमुन्याशी ताडणारं) लोकेशन साध्याला मागे टाकतं. मी संशयित लोकेशनमध्ये तात्पुरतं 'रिटर्न २००' ('सगळं ठीक' असं सरळ उत्तर) टाकून बघतो.

दोन्हीकडे चाचणी ३०२ नेच (तात्पुरत्या वळवण्यानं) करा. ब्राउझर ३०१ (कायमचं वळवणं) लक्षात ठेवतो; नियम सुधारूनही जुनंच दिसतं, आणि माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आहे.

लिंक मोजक्या असत्या, तर मी एन्जिनएक्स घ्या म्हणालो असतो. तिथे रीराइटऐवजी साधं 'रिटर्न ३०१' पुरतं. पण यांची साइट वर्डप्रेसवर आहे आणि प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) स्वतःच डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियम लिहितात. म्हणून अपाचीच ठेवा म्हटलं, फक्त शेअर्ड होस्टिंग सोडून.