ई-ग्रामस्वराज : गावाचा खर्च दिसतो, गावाचा अग्रक्रम दिसत नाही

केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज हे पोर्टल मी गेली चार वर्षे एक सामान्य ग्रामस्थ म्हणून वापरत आहे. मी ग्रामपंचायतीचा सदस्य नाही आणि कर्मचारीही नाही. ग्रामसभेला बसण्यापूर्वी आपल्या गावाच्या विकास आराखड्यात काय लिहिले आहे हे ठाऊक असावे, एवढ्याच गरजेपोटी मी या पोर्टलकडे वळलो आणि त्याच गरजेच्या कसोटीवर त्याचे हे परीक्षण लिहीत आहे. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना माहिती भरताना ते कसे वाटते, हा वेगळा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो वाचणाऱ्या गावकऱ्याचा.

हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे राष्ट्रीय पंचायतराज दिनी, सुरू झाले. त्याआधी नियोजनासाठी प्लॅनप्लस, कामांच्या प्रगतीसाठी ॲक्शनसॉफ्ट आणि हिशेबासाठी प्रियासॉफ्ट अशा निरनिराळ्या प्रणाली होत्या आणि सामान्य माणसाला त्यांतले काही कळण्याची शक्यता नव्हती. आता ती सारी माहिती एका ठिकाणी आली आहे. पाहण्यासाठी नावनोंदणी किंवा पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष एवढे निवडले की त्या वर्षीचा मंजूर आराखडा समोर येतो. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे आराखडे अशा रीतीने कोणालाही, कोठूनही वाचता येतात, ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते. आमच्या गावात पूर्वी आराखडा पाहायचा म्हणजे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, कोणत्या वारी येतात ते विचारायचे, ते आले तर कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शोधायचे, आणि तरीही वही हाती न आल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करून महिनाभर वाट पाहायची. पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या गावच्या मुलांना तर तेवढाही मार्ग नव्हता. आज तीच मुले आपल्या खोलीवरून आराखडा उघडून मला फोन करतात, की काका, शाळेच्या संरक्षक भिंतीचे काम यादीत आहे, पण ते सुरू झाले का?

पोर्टलचा सर्वांत भक्कम भाग हिशेबाचा आहे. कोणत्या योजनेतून किती रक्कम आली आणि कोणत्या कामावर किती गेली, याच्या नोंदी येथे मिळतात. वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राचा पैसा राज्यांना व स्थानिक संस्थांना किती द्यावा हे सुचवणाऱ्या आयोगाच्या, निधीतील देयके आता पीएफएमएस या केंद्राच्या वित्तीय प्रणालीशी जोडलेल्या मार्गाने थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात, आणि त्यासाठी ठरवून दिलेल्या व्यक्तींची डिजिटल सही लागते. कोरे धनादेश सही करून ठेवण्याची जुनी सवय या एका बदलाने मोडीत निघाली. सरपंच महिला असेल तेथे तिच्या डिजिटल सहीचे डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचे ते छोटे उपकरण, कोणाच्या खिशात असते, हा प्रश्न अर्थातच उरतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पोर्टलकडे नाही. ते त्या गावाने स्वतःला विचारायचे आहे.

आता आराखड्याकडे येतो. मागील वर्षी आमच्या गावाच्या आराखड्याची पाने छापून घेतली आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ती मोठ्याने वाचून दाखवली. दहाबारा माणसे होती, त्यांत भाजी निवडत बसलेल्या दोन वयस्कर बायकाही होत्या. एक नोंद आली : बंदिस्त गटार बांधकाम, पुढे अंदाजित रक्कम, पुढे योजनेचे नाव. मी पुढच्या ओळीवर गेलो तेव्हा त्यांपैकी एका आजींनी मला थांबवून विचारले, “कुणाच्या दारातलं गटार म्हणायचं हे?” मी कागद पुन्हा पाहिला. कामाच्या नावात गल्लीचा उल्लेख नव्हता, वस्तीचाही नव्हता. आमच्या गावात पावसाळ्यात पाणी साचते ते खालच्या आळीत, आणि गटाराची मागणी तिथल्याच लोकांनी लागोपाठ दोन ग्रामसभांत केली होती. नंतर चौकशी केली तेव्हा हे काम दुसऱ्याच गल्लीसाठी धरले असल्याचे कळले. त्यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. त्या गल्लीलाही गटार हवेच होते. पण खालची आळी मागे का राहिली, याचे उत्तर छापील पानांवर कोठेही नव्हते, आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर प्रत्येकाचे वेगळे होते.

माझ्या मते या पोर्टलची मूळ उणीव हीच आहे. कामांची यादी आहे, रक्कम आहे, क्षेत्रनिहाय आणि योजनानिहाय मांडणी आहे, प्राधान्याचा क्रमांकही आहे. पण तो क्रमांक कोणत्या कारणाने दिला ते लिहिण्याची व वाचण्याची ठळक जागा नाही. ग्रामनियोजनाचा सारा अर्थ अग्रक्रमात असतो. पैसा मर्यादित आहे आणि मागण्या अमर्याद आहेत, म्हणून तर आराखडा करायचा. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे ठरवताना गावाने कोणता विचार केला, हेच जर नोंदले गेले नाही, तर आराखडा ही खरेदीची यादी होऊन बसते.

या अग्रक्रमाचा बराचसा भाग ग्रामसभा भरण्याआधीच ठरलेला असतो, हेही वाचकाने समजून घेतले पाहिजे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना २,००,२९२ कोटी रुपये देण्याची शिफारस केली होती, आणि तो निधी मधल्या कोणत्याही स्तराला वाटा न देता थेट ग्रामपंचायतींसाठी होता. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठेवले, पण त्यांत पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनाही सामावून घेतले. महाराष्ट्रात ही वाटणी ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि वरच्या दोन्ही स्तरांना प्रत्येकी १० टक्के अशी झाली. शिवाय या निधीतील ६० टक्के रक्कम बंधित केली गेली : निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम या काळासाठी गावाच्या गरजेनुसार वापरण्याची मुभा दिली गेली, मात्र त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करण्यास मनाई होती.

हे बंधन मला तत्त्वतः मान्य आहे. निधी पूर्ण मोकळा सोडला तर पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमान यांना जेवढी लवकर मंजुरी मिळते तेवढी सांडपाण्याच्या शोषखड्ड्यांना मिळत नाही, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. परंतु या बंधनाचा परिणाम असा होतो, की स्मशानभूमीची शेड, अंगणवाडीचे गळणारे छत, पाणंद रस्ता आणि वाडीवरचा दिवा या सगळ्या मागण्या त्या अबंधित वाट्याच्या दारात रांग लावून उभ्या राहतात. पोर्टलवर बंधित आणि अबंधित हे शब्द योजनेच्या रकान्यात येतात आणि तेथेच संपतात. अंगणवाडीसाठी पैसे नाहीत असे ऐकून परतलेल्या आईला त्याच वर्षी स्वच्छतेच्या कामासाठी रक्कम शिल्लक असलेली दिसते, तेव्हा तिला वाटते की आपल्याशी खोटे बोलले गेले. अशा वेळी दोन ओळींचे साध्या मराठीतील स्पष्टीकरण त्याच पानावर असते, तर एक अख्खा गैरसमज टळला असता.

दुसरी मर्यादा अधिक मोठी आहे, पण ती पोर्टलपेक्षा आपल्या नियोजनाच्या पद्धतीची आहे. गावात होणारी सगळी कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून येत नाहीत. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे, ज्यांना गावोगाव त्यांच्या लेखाशीर्षावरून, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या क्रमांकावरून, ‘पंचवीस-पंधराचे काम’ म्हणतात, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा निधी, ३०५४ आणि ५०५४ या शीर्षांखालचे रस्ते, आमदार निधी आणि खासदार निधी, या प्रत्येकाची वाट निराळी आहे. त्यामुळे पोर्टल उघडून ‘गावात यंदा एवढाच खर्च झाला’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. रस्त्यावर डांबर पडताना दिसते आणि आराखड्यात त्याचा मागमूस नसतो, तेव्हा अनेकजण गोंधळतात. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत, आणि त्या सर्व विषयांवर गावात होणारी गुंतवणूक एकाच पानावर दिसावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

भाषेविषयी थोडे. २०२४ मध्ये ‘भाषिणी’ या केंद्राच्या भाषांतर प्रणालीशी जोडणी झाल्यापासून पोर्टल मराठीत वाचता येते आणि शीर्षके समजण्यापुरते ते काम चालते. कामांची नावे मात्र ज्याने जशी टंकली तशीच राहतात; कधी इंग्रजीत, तर कधी रोमन अक्षरांतल्या मराठीत. टंकणारा संगणक परिचालक बहुतेक वेळा एकटाच असतो आणि दाखल्यांपासून घरपट्टीच्या नोंदींपर्यंत सारा भार त्याच्यावर असतो, त्यामुळे दोष त्याला देण्यात अर्थ नाही. फोनवर पाहणाऱ्यांसाठी ‘मेरी पंचायत’ हे ॲप सोयीचे आहे, आणि ‘ग्राम मानचित्र’वर कामांच्या जागा नकाशावर पाहता येतात. आजींच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर तेथे मिळायला हवे. पण काम होऊन त्याचे स्थान नोंदवले गेल्यानंतरचे ते उत्तर असते, आणि आजींना ते काम ठरण्याआधी हवे होते.

काम ठरण्याआधीची जागा म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढी माणसे न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. पुष्कळ आराखडे अशाच दुसऱ्या, अर्ध्या रिकाम्या सभेत मंजूर होतात. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गटांच्या महिला गावातील गरजांची स्वतंत्र पाहणी करून आपल्या मागण्यांचा आराखडा देतात आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात समाविष्ट होणे अपेक्षित असते. माझ्या पाहण्यात या महिलांच्या याद्या सर्वांत नेमक्या असतात : कोणत्या हातपंपाचा दांडा तुटला आहे, कोणत्या वस्तीतील मुलींना शाळेत स्वच्छतागृह नाही, हे त्यांत घराच्या खुणेसह लिहिलेले असते. पोर्टलपर्यंत पोहोचताना या खुणा गळून पडतात आणि उरते ते फक्त ‘दुरुस्ती करणे’.

कारणासह अग्रक्रम ठरवणे गावाला जमते, हे हिवरे बाजारने केव्हाच दाखवून दिले आहे. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, पाऊस किती झाला आणि पाणी किती उपलब्ध आहे ते सर्वांसमोर ठेवले जाते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरते. निर्णयाचे कारण गावाच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे तो पाळलाही जातो. आर्थिक आराखड्याला हीच शिस्त लावायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही.

मग हे पोर्टल वापरावे का? प्रत्येक गावातल्या निदान पाचसहा जणांनी ते अवश्य वापरावे, आणि ग्रामसभेची नोटीस लागल्याबरोबर वापरावे. चालू वर्षाचा मंजूर आराखडा आणि मागील दोन वर्षांचे आराखडे अशी तिन्ही पाने शेजारी ठेवावीत. एकच काम वर्षानुवर्षे यादीत येत असेल तर ते लगेच लक्षात येते. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अशीच तीन वर्षे सलग नोंदलेली आढळली, आणि ती का झाली नाही हे विचारल्यावर पुढच्या चार महिन्यांत ती पूर्ण झाली. खर्चाची नोंद आणि जागेवरचे काम यांची पडताळणी स्वतः जाऊन करावी. मोबाइलवर पोर्टलची पाने नीट दिसत नाहीत, त्यामुळे तालुक्याच्या गावी जाऊन छापून आणणेच बरे. वृद्धांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत छापावे.

गेल्या ग्रामसभेत आम्ही एक लहानसा प्रयोग केला. पोर्टलवरून छापलेल्या यादीच्या उजव्या कडेला पट्टीने एक रेघ मारून आणखी एक रकाना आखला आणि त्याच्या माथ्यावर ‘का?’ असे लिहिले. सभेत प्रत्येक कामापाशी थांबून त्या रकान्यात एक वाक्य भरले. एकूण २३ कामांपैकी १४ कामांचे कारण सर्वांना पटेल असे सांगता आले. पाच कामांवर वाद झाला आणि त्यांतील दोन कामांचा क्रम बदलला. उरलेल्या चारांपुढे काहीच लिहिता आले नाही. तो कागद ठरावाला जोडून घेण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. त्याची एक प्रत सध्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली आहे. खालच्या आळीचे गटार त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि पुढे लिहिले आहे : पावसाळ्यात नऊ घरांत पाणी शिरते.